एमडी (व्यवस्थापकीय संचालक) कुठल्या खात्यातून वर आला, त्यावर कंपनी आपला पुढचा बेत किती सांगणार हे ठरतं का?

होटगीरोडकर (धागाकर्ता)

सप्टेंबर म्हणजे आमच्यासारख्यांचा सुगीचा महिना. मार्चला वर्ष संपतं, तीस सप्टेंबरच्या आत एजीएम (भागधारकांची वार्षिक सभा) घ्यावी लागते, म्हणून ऑगस्टच्या शेवटापासून मेलमध्ये वार्षिक अहवालांच्या पीडीएफ येऊन पडतात. माझे शेअर सगळ्या कंपन्यांत मिळून मूठभर, पण अहवाल मी पानन्‌पान वाचतो. टूलरूममध्ये सव्वीस वर्षं ड्रॉइंग वाचण्यात गेली. रेघ कुठे अर्धवट सोडलीय ते आधी दिसतं.

एका कंपनीचे सलग सहा वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचले. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. पहिली चार वर्षं एमडी फाउंड्रीतून (ओतकामातून) वर आलेले, मेटलर्जीचे इंजिनिअर. त्यांच्या काळात ‘पुढची वाटचाल’ या मथळ्याखाली काय असायचं? कुठली भट्टी बदलणार, मोल्डिंगची नवी लाइन कधी सुरू होणार, रिजेक्शन कुठल्या कास्टिंगमध्ये जास्त आहे, कुठल्या ट्रॅक्टरवाल्याचा नमुना पास झालाय. वाचताना कानात शॉप फ्लोअरचा आवाज यायचा.

मग ते निवृत्त झाले आणि सीएफओच (वित्त खात्याचे प्रमुख) एमडी झाले. सीए माणूस. त्याच मथळ्याखाली आता कर्ज किती उतरलं, खेळतं भांडवल किती दिवस अडकतं, भांडवलावर परतावा काय. क्षमतावाढीबद्दल अख्ख्या पानात एक ओळ : मागणीचा अंदाज घेऊन योग्य वेळी निर्णय घेऊ. गाव तेच, भट्ट्या त्याच, गिऱ्हाईकंही जवळजवळ तीच. बदलला तो फक्त खुर्चीतला माणूस.

खोटं कुणीच लिहिलेलं नाही. पण शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या लिस्टिंग नियमांत (२०१५चे एलओडीआर) व्यवस्थापनाने कशाकशावर बोलायचं याची यादीच आहे : उद्योगाची स्थिती, संधी आणि धोके, पुढचा अंदाज, जोखीम, अंतर्गत नियंत्रण, मनुष्यबळ. मथळे सगळ्यांना सारखे. मथळ्याखाली चार ओळी लिहायच्या की चार पानं, हे मात्र लिहिणाऱ्यावर सोडलंय. माझं म्हणणं, तिथे जे भरलं जातं ते त्या माणसाच्या आयुष्यभराच्या कामातून येतं. आडात असेल तेच पोहऱ्यात.

हे माझं एकट्याचं खूळ नाही. डोनाल्ड हॅम्ब्रिक आणि फिलिस मेसन या दोघांनी १९८४ साली हेच मांडलं होतं : कंपनी ही तिच्या वरच्या माणसांचं प्रतिबिंब असते. विक्री आणि नवं उत्पादन बघणारे एका प्रकारचे, कारखाना आणि हिशोब बघणारे दुसऱ्या प्रकारचे, कायदा आणि वित्तवाले तिसऱ्या. त्यांनी निर्णयांबद्दल लिहिलं. मी म्हणतो, उघड काय करायचं याचाही निर्णयच असतो. म्हणून मी आता अहवाल उघडला की आधी संचालकांची ओळख वाचतो, मग योजना. मग शोधतो, काय लिहिलेलं नाही.

पटत नसेल तर बोला.


टेरीटॉवेल

काय सांगलालाव मालक. झाकली मूठ सव्वा लाखाची. जो आपला बेत पेपरात छापतो त्याला धंदा कळत नाही, मग तो इंजिनिअर असू दे नाहीतर सीए.

माझे अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूम आहेत. मी नवा रेपियर लूम घेणार हे मी माझ्या सख्ख्या साडूला सांगितलं नव्हतं, कारण त्याचाही टॉवेलच आहे. मशीन उतरलं त्या दिवशी कळलं त्याला. तुमच्या त्या जुन्या एमडीनं कुठल्या ट्रॅक्टरवाल्याचा नमुना पास झाला हे छापलं ना? दुसऱ्या फाउंड्रीवाल्यानं ते वाचून दुसऱ्या दिवशी त्याच्या पर्चेसवाल्याला फोन लावला असणार. नवा सीए शहाणा म्हणायचा.


होटगीरोडकर

मालक, तुमच्या लूममध्ये माझा पैसा नाही, म्हणून तुम्ही मला सांगायचं कारण नाही. लिस्टेड कंपनीत आहे. फरक इथंच.


टेरीटॉवेल

शंभर शेअर घेऊन मालक झालात की ओ तुम्ही 😄


जुळेसोलापूर_सीएस

मी कंपनी सेक्रेटरी आहे. काका, तुमचं निरीक्षण चांगलं आहे, निष्कर्ष चुकलाय. अहवाल कसा तयार होतो ते आधी ऐका.

जूनमध्ये मी गेल्या वर्षीची वर्ड फाइल उघडते. हो, गेल्या वर्षीचीच. प्रत्येक खात्याला त्यांचा त्यांचा परिच्छेद पाठवते, लाल अक्षरांत ‘अपडेट करा’ लिहून. निम्मे जण तारीख बदलून परत पाठवतात. सीएफओ आकडे तपासतात, ऑडिटर एखादं विशेषण खोडायला लावतात, वकील शेवटी ‘भविष्याविषयीची विधानं प्रत्यक्षात वेगळी ठरू शकतात’ हा परिच्छेद आहे ना ते बघतात. एमडी अध्यक्षांचं पत्र वाचतात आणि मुखपृष्ठाचा फोटो बदलायला सांगतात. ‘माणसाच्या आयुष्यभराच्या कामातून’ वगैरे जे तुम्हाला दिसतंय, त्यातलं निम्मं माझ्या कॉपी-पेस्टमधून आलेलं असतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. क्षमतावाढीचा निर्णय बोर्डाने घेतला नसेल तर तो अहवालात छापणं म्हणजे गळ्यात धोंड बांधून घेणं. बाजाराला माहीत नसलेली आणि भाव हलवू शकणारी माहिती अशी वाटेल तिथे सांगता येत नाही, इनसायडर ट्रेडिंगचे नियम आहेत. आणि बोर्डाने निर्णय घेतला, बैठक बाजाराच्या वेळेत संपली, तर महत्त्वाची गोष्ट तीस मिनिटांत एक्स्चेंजला (शेअर बाजाराला) कळवावी लागते. म्हणजे खरी बातमी अहवाल छापायच्या कितीतरी आधी बाहेर पडलेली असते. अहवाल म्हणजे शिळी भाकरी.


होटगीरोडकर

ताई, आपल्याकडची कडक भाकरी आहे ती, शिळी नाही. महिनाभर टिकते. एक्स्चेंजच्या सूचनेत ‘काय’ असतं, ‘का’ अहवालातच सापडतं.

आणि वर्ड फाइल गेल्या वर्षीचीच असते तर माझ्या उदाहरणात चार वर्षांचं पान पाचव्या वर्षी एकदम कसं बदललं? कॉपी-पेस्ट मोडून ते कुणीतरी मुद्दाम बदललं ना?


शेंगाचटणी

एमबीए करतोय, प्रोजेक्टसाठी हाच विषय वाचला होता म्हणून मध्ये पडतो.

होटगीरोडकर काकांच्या बाजूने एक भक्कम गोष्ट. बॅम्बर, जिआंग आणि वँग यांनी २०१० मध्ये ‘अकाउंटिंग रिव्ह्यू’त नेमका हाच प्रश्न घेतला होता. अमेरिकेतले वरचे अधिकारी एका कंपनीतून दुसरीत जातात तेव्हा कंपनीचा पुढच्या कमाईचा अंदाज सांगायचा ढंग त्यांच्याबरोबर जातो का? तर जातो. वित्त, हिशोब आणि कायदा या वाटेने वर आलेल्यांचा ढंग काही बाबतींत सावध असतो. वित्त-हिशोबवाले आणि लष्करात काम केलेले अंदाज सांगतात तेव्हा तो जास्त नेमका सांगतात. म्हणजे सीए एमडी कमी बोलेल, पण जे बोलेल ते आकड्यात. पर्यावरणाच्या माहितीबाबत २०१४ चा अभ्यास आहे : कार्बनविषयीच्या प्रश्नावलीला एमबीए केलेले आणि नव्याने नेमलेले सीईओ जास्त प्रतिसाद देतात, वकिलीतून आलेले कमी.

आता विरुद्ध बाजू. या सगळ्याचं मूळ १९५८ मध्ये आहे. डीअरबॉर्न आणि हर्बर्ट सायमन (ज्यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी एकाच कंपनीतल्या २३ अधिकाऱ्यांना एका पोलाद कंपनीची केस वाचायला दिली आणि विचारलं, नव्या अध्यक्षाने आधी कुठला प्रश्न हातात घ्यावा? विक्री खात्यातल्या सहांपैकी पाच म्हणाले, विक्री. बाकीच्या सतरांपैकी पाचच जण तसं म्हणाले. उत्पादनवाल्या पाचांपैकी चौघांना संघटनेची घडी हा प्रश्न वाटला. सगळीकडे हे उदाहरण इथपर्यंतच सांगतात. पण विक्रीबाहेरचे जे पाच जण ‘विक्री’ म्हणाले, त्यातले तिघे हिशोब खात्यातले होते. का? कारण त्यांचं रोजचं काम उत्पादनाच्या नफ्यातोट्याचं विश्लेषण करण्याचं, विक्रीवाल्यांशी कायम संबंध.

शिवाय २३ माणसं म्हणजे काय हो, आमच्या वाड्यातल्या गणपतीच्या मंडळात जास्त आहेत. १९८८ मध्ये जेम्स वॉल्श यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा खातं आणि नजर यांचा इतका सरळ संबंध दिसला नाही.


कंबरतलाव

अभ्यास राहू द्या. सत्यम, हैदराबादची आयटी कंपनी. २००८ मध्ये कॉर्पोरेट गव्हर्नन्ससाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष राजू यांचं पत्र : खात्यावर दाखवलेल्या रोखीतले ५,०४० कोटी नव्हतेच. मालक परदेशातून एमबीए करून आलेला, अहवाल सुंदर, मथळे सगळे भरलेले. बोलाचीच कढी. तुम्ही त्या कढीत कुठल्या खात्याची फोडणी आहे ते हुंगत बसा.


होटगीरोडकर

तो गुन्हा होता. मी प्रामाणिक माणसांबद्दल बोलतोय. दोन प्रामाणिक माणसं एकाच कारखान्याबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, हा माझा विषय.


कंबरतलाव

बाहेर बसून प्रामाणिक कोण ते कसं ओळखता? मग वाचून उपयोग काय?


निवृत्त_शाखाधिकारी

मी बॅंकेत कर्ज विभागात होतो, सोलापूर आणि आसपासच्या तीन शाखा केल्या. या चर्चेत एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

कंपनीचा बेत दोन ठिकाणी सांगितला जातो. एक भागधारकाला, एक बॅंकेला. बॅंकेला द्यायचा तो प्रोजेक्ट रिपोर्ट आणि सीएमए डेटा (कर्जासाठी भरायचे आकड्यांचे तक्ते). त्यात पुढच्या पाच-सात वर्षांची विक्री, कच्चा माल, वीज, मजुरी, हप्ता फेडायची ताकद, सगळं ओळीने. कुठलं मशीन, कुणाचं कोटेशन, कधी उतरणार, कुठल्या महिन्यात उत्पादन सुरू. तिथे ‘योग्य वेळी निर्णय घेऊ’ असं लिहिलं तर मी फाइल परत पाठवत असे.

टेरीटॉवेल साहेब, तुम्ही साडूला सांगितलं नाही, पण रेपियरच्या टर्म लोनसाठी तुमच्या बॅंकेला सगळं सांगितलंत. बरोबर ना?

आता होटगीरोडकरांच्या उदाहरणाकडे येतो. जुने एमडी भट्टी आणि लाइन लिहीत होते ती चार वर्षं म्हणजे बहुधा विस्ताराची वर्षं. मोठी टर्म लोन चालू असणार. कर्ज देणारा, मशीन विकणारा, गिऱ्हाईक, सगळ्यांना विश्वास द्यायचा काळ. मशिनरी उभी राहिली, मग पुढचा काळ कर्ज उतरवण्याचा. अशा वेळी बोर्ड साहजिकच सीएफओला एमडी करतं. म्हणजे माणूस बदलला म्हणून पान बदललं असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो, कंपनीची वेळ बदलली, म्हणून माणूसही बदलला आणि पानही. ताप आला म्हणून डॉक्टर आले. डॉक्टर आले म्हणून ताप आला असं कुणी म्हणत नाही.


टेरीटॉवेल

बॅंकवाल्याला सगळं सांगितलं हे खरं हाय साहेब. पण तिथं बी मी नाही लिहिलं, माझ्या सीएनं लिहिलं. मला तर पाच वर्षांचं काय, पुढच्या गुढीपाडव्याला सुताचा भाव काय असंल ते सांगता येत नाही.


शेंगाचटणी

शाखाधिकारी काका, एक नंबर मुद्दा. अभ्यासकांनाही हाच प्रश्न सतावतो : माणसाचा परिणाम की त्या माणसाला निवडणाऱ्या परिस्थितीचा? हॅम्ब्रिक यांनीच पुढे फिंकेलस्टीन यांच्याबरोबर १९८७ मध्ये याला जोड दिली. वरच्या माणसाला मोकळीक किती आहे त्यावर त्याचा ठसा उमटतो. जिथे हात बांधलेले, तिथे कुणीही बसला तरी सारखंच.


गाळपहंगाम

हात बांधलेल्यांचं उदाहरण आमच्याकडून घ्या. साखर. सहकारी कारखान्याच्या वार्षिक सभेचा अहवाल कधी वाचलाय? चेअरमन शेतकरी, नाहीतर राजकारणातला, नाहीतर दोन्ही. अहवालात गाळप किती, उतारा (उसातून साखर किती टक्के निघाली) किती, ऊस किती गटांतून आला, तोडणीच्या टोळ्या किती. इंजिनिअरला लाजवेल इतकं बारीक. कारण समोर बसलेला सभासद उतारा विचारतो, परतावा विचारत नाही. वाचणारा कोण, त्यावर लिहिणं ठरतं, लिहिणाऱ्यावर नाही.

आणि बेत म्हणाल तर बहुतेकांचा एकच होता, इथेनॉल. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. हंगाम सुरू होऊन महिनाभर झालेला. ज्याची डिस्टिलरी नुकतीच उभी राहिली तो चेअरमन एमबीए असो की पैलवान, अहवालातलं ते पान रद्दी झालं. पुढच्या ऑगस्टमध्ये बंदी उठली. आता सांगा कुठली पार्श्वभूमी कामाला आली.


होटगीरोडकर

वाचणारा कोण, त्यावर लिहिणं ठरतं. हा मुद्दा मला टोचला. खरा आहे. पण पूर्ण नाही. माझ्या कंपनीचे वाचणारे दोन्ही काळांत तेच होते, मी त्यातलाच एक.

शाखाधिकारी साहेब, तुमच्या ताप-डॉक्टरवर काल रात्री विचार केला. अहवाल पुन्हा काढले. कर्ज जुन्या एमडींच्या शेवटच्या वर्षीच उतरायला लागलं होतं. म्हणजे ‘वेळ’ बदलली होती, माणूस अजून तोच होता. त्या वर्षीच्या पानावर काय आहे? भट्टीच. कर्जाचा उल्लेख आर्थिक कामगिरीत, दोन ओळी. तेव्हा ताप उतरला तरी जुन्या डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन तेच होतं म्हणायचं.


निवृत्त_शाखाधिकारी

एका वर्षावरून निकाल देत नाहीत. तरी मुद्दा नोंदवून घेतला.


पार्कचौक

इतकं सगळं बोलताय आणि आपल्याच गावचे वालचंद हिराचंद विसरलात? १८८२ साली सोलापुरात जन्मलेला माणूस. सुरुवात रेल्वेच्या ठेकेदारीतून, फाटक यांच्या भागीदारीत. पुढे १९१९ ला सिंदिया कंपनी, जहाजं. १९४० ला बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ ला विशाखापट्टणमला जहाजबांधणी, मग मोटारी. रूळ टाकणाऱ्याच्या पार्श्वभूमीत जहाज आणि विमान कुठे होतं? तुमच्या नियमाने त्यांनी आयुष्यभर पूलच बांधायला हवे होते.


होटगीरोडकर

उलट बघा. रेल्वेचा ठेका म्हणजे काय? सरकारशी बोलणी, अंदाजपत्रक, मुदत, मोठं भांडवल, हजारो मजूर. जहाजांच्या धंद्यात ब्रिटिश कंपन्या आणि सरकारी धोरणाशी झगडा, विमानांच्या कारखान्यात म्हैसूर संस्थान बरोबर. वस्तू बदलली, काम ठेकेदाराचंच राहिलं : मोठी मंजुरी मिळवा, मग मोठं उभं करा. डिग्रीत बघाल तर काही सापडणार नाही, केलेल्या कामात बघा.


पार्कचौक

असं म्हटलं तर कुठल्याही माणसाचं काहीही सिद्ध करता येतं.


जुळेसोलापूर_सीएस

पार्कचौक, अगदी हेच मला म्हणायचं होतं. गोष्ट घडून गेल्यावर पार्श्वभूमी शोधली की ती सापडतेच. आपले शास्त्रीबुवा पत्रिकेत मागचं सगळं बरोबर सांगतात.

बाय द वे, पार्श्वभूमीबद्दल सेबीने एक तक्ता सक्तीचा केलाय. संचालक मंडळाला कुठली कौशल्यं हवीत आणि कुठल्या संचालकाकडे ती आहेत, नावानिशी. उदय कोटक समितीच्या २०१७ च्या अहवालानंतर आलेली गोष्ट. कल्पना छान. प्रत्यक्षात मी तक्ता सगळ्यांना पाठवते आणि प्रत्येक जण स्वतःपुढे वित्त, तंत्रज्ञान, विपणन, कायदा, जोखीम अशा सगळ्या रकान्यांत टिक करून पाठवतो. एकदा एका ज्येष्ठ संचालकांना मी म्हटलं, सर, सायबर सुरक्षेत टिक आहे. ते म्हणाले, राहू दे, रिकामं बरं दिसत नाही. होटगीरोडकर काका ज्या पानावरून एमडी ओळखतात ते पान असं बनतं.

बेताला दात कुठे असतात सांगू? आयपीओत, म्हणजे कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते तेव्हा. प्रॉस्पेक्टसमध्ये पैसा कशासाठी हवा ते लिहिलेलं असतं, आणि नंतर ते बदलायचं तर कंपनी कायद्याच्या कलम २७ प्रमाणे विशेष ठराव लागतो. नाराज भागधारकांना बाहेर पडायची वाट द्यावी लागते. पैसा दुसरीकडे वळला तर एक्स्चेंजला तिमाहीला सांगावं लागतं. तिथे इंजिनिअर, सीए, वकील सगळे एकाच भाषेत लिहितात. सक्ती असली की पार्श्वभूमी विरघळते. ती उरते फक्त ऐच्छिक भागात.


होटगीरोडकर

ताई, मग तुम्ही माझ्याच बाजूला आलात! मी ऐच्छिक भागाबद्दलच बोलतोय.


जुळेसोलापूर_सीएस

अजिबात नाही. परीक्षा घेते. खाली दोन खऱ्या कंपन्यांच्या अहवालांतला आशय माझ्या शब्दांत देते, ओळख पटेल असं सगळं काढून. एमडी कुठल्या वाटेने वर आला ते ओळखा. दोघांचीही माहिती मला आहे.

(अ) नव्या लाइनवर दोन पाळ्या चालू आहेत, कुशल माणसं मिळाली की तिसरी सुरू करू. जुन्या भट्टीला टनामागे वीज जास्त लागते, म्हणून पुढच्या वर्षी ती बदलणार. तोवर तिच्यावर फक्त जाड कास्टिंग घेणार.

(ब) कंपनी मोजूनमापून वाढेल. नवी गुंतवणूक स्वतःच्या रोखीतूनच. कर्जाचं प्रमाण आहे त्यापेक्षा वाढू देणार नाही. मोठी ऑर्डर आली तरी हा नियम मोडणार नाही.


शेंगाचटणी

अ इंजिनिअर, ब सीए. एवढं सोपं?


टेरीटॉवेल

अ भट्टीवाला. ब बॅंकेतून आलेला वाटतोय, शाखाधिकारी साहेबांसारखा 😄


निवृत्त_शाखाधिकारी

अ इंजिनिअर. ब सीए किंवा व्यापारी घराण्यातला.


होटगीरोडकर

अ डोळे झाकून इंजिनिअर. जाड कास्टिंगची ओळ हिशोबातला माणूस लिहूच शकत नाही. ब सीए.


जुळेसोलापूर_सीएस

अ कॉस्ट अकाउंटंट. ब मेकॅनिकल इंजिनिअर.

सगळे नापास.


टेरीटॉवेल

आरारारा


कंबरतलाव

धागा बंद करायला हरकत नाही.


शेंगाचटणी

थांबा थांबा. ताई, अ-वाले कॉस्ट अकाउंटंट कुठे काम करत होते? हेड ऑफिसात की प्लांटवर?


जुळेसोलापूर_सीएस

प्लांटवर. बारा की तेरा वर्षं, कास्टिंगनिहाय खर्च काढायचं काम. भट्टीचं मीटर रीडिंग स्वतः घ्यायचे असं जुने लोक सांगतात.


शेंगाचटणी

म्हणजे १९५८ चे ते तिघे हिशोबवाले! पाटी हिशोबाची, रोजची ऊठबस उत्पादनाच्या नफ्यातोट्याशी.


होटगीरोडकर

आणि ब? इंजिनिअर माणूस कर्जाला इतका का भितो?


जुळेसोलापूर_सीएस

ते तरुणपणी ज्या कारखान्यात मॅनेजर होते तो कर्जात बुडाला. बॅंकेचे लोक येऊन गेटला कुलूप लावून गेले तेव्हा हे आत होते. एवढंच सांगते, जास्त सांगितलं तर ओळख पटेल.


होटगीरोडकर

बरं. डिग्रीबाबत मी हरलो, हे कबूल. धाग्याच्या शीर्षकात मी ‘कुठल्या खात्यातून’ लिहिलं आणि खाली ‘इंजिनिअर’ आणि ‘सीए’ करत बसलो, ती माझी गफलत. माणूस कुठल्या टेबलावर बसला आणि कुठल्या दारात उभा राहून त्याने काय पाहिलं, ते अहवालात उतरतं. एवढं तरी द्याल का मला?


जुळेसोलापूर_सीएस

अर्धं देते. कारण ते टेबल आणि ते दार संचालकांच्या ओळखीत छापलेलं नसतं. तिथे छापतात डिग्री आणि ‘तीस वर्षांचा समृद्ध अनुभव’. म्हणजे तुमची पद्धत बरोबर असली तरी तुमच्यासारख्या बाहेरच्या वाचकाला वापरता येत नाही. मी आतली होते म्हणून मला ‘ब’ कळला.


निवृत्त_शाखाधिकारी

हे मात्र आम्हाला कळायचं. कर्ज देण्याआधी आम्ही माणसाचा पूर्वेतिहास काढायचो, चार जणांना विचारून. फाइलला ‘मार्केट रिपोर्ट’ म्हणून जोडायचो. दोन पानं, पण बॅलन्स शीटपेक्षा ती आधी वाचली जायची.


गाळपहंगाम

आमच्याकडे चेअरमनचा पूर्वेतिहास काढावा लागत नाही, सगळ्या तालुक्याला पाठ असतो. तरी इथेनॉलचं पान रद्दीच झालं. ते विसरू नका.


टेरीटॉवेल

होटगीरोडकर मालक, तुमच्या त्या नव्या सीए एमडीचं काय मग? तो कुठल्या दारात उभा होता?


होटगीरोडकर

तेच तर माहीत नाही. एजीएम व्हिडिओवर आहे, भागधारक वक्ता म्हणून नोंदणी आत्ताच केली. प्रश्न लिहिलाय : सीएफओ व्हायच्या आधी आपण कुठल्या कामावर होता, आणि क्षमतावाढीबद्दल एकच ओळ का?


जुळेसोलापूर_सीएस

पहिला भाग वैयक्तिक म्हणून टाळतील. ‘क्षमतावाढीचा निर्णय बोर्ड कुठल्या निकषावर घेणार’ असं विचारा, उत्तर द्यावंच लागेल.


होटगीरोडकर

दोन्ही विचारतो. तीन मिनिटं देतात.


टेरीटॉवेल

आवाज म्यूट करून ठेवू नका म्हणजे झालं. गेल्या वर्षी अडीच मिनिटं तुमचे नुसते ओठ हलत होते.